थोरल्याचा शेवट

ऋषभ मगदूमच्या कादंबरीवर सिनेमा आला आणि मंगळवार पेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला, जिनेशला, आपण प्रेमभंग झालेला माणूस आहोत हे चाळिशी उलटल्यावर समजलं.

कादंबरी त्यानं वाचली नव्हती. तिच्यातला थोरला मुलगी बघून येतो, ती धाकट्याच्या मनात भरलीय हे ओळखून मुकाट्यानं बाजूला होतो आणि झुरून मरतो. सिनेमात मात्र थोरल्याचं काम मोठ्या नटाकडं गेलं. तो मरायला तयार होईना. मग नायिका भर मांडवातून उठून थोरल्यामागं जाते, धुकं पडतं, दोघं होडीत बसतात.

थिएटराबाहेर आल्यावरही जिनेशच्या डोळ्यांतलं ते धुकं विरेना. दुकानात तो बसल्या जागी संथ डुलायचा. ब्लाउजपीस मागणाऱ्या बाईला त्यानं धोतराचं पान दिलं. तीही रागावली नाही. "जिनेशशेठ, लई सोसलंसा की वो!" म्हणाली. सोसल्याचं त्याला काही आठवत नव्हतं. पण गोड वाटत होतं.

घरी ऋषभची झोप उडाली. जेवताना बायकोनं, रूपालीनं, दादाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, तो त्याला जरा मोठाच वाटला.

"लेखक मी, आन् लोणी दादाला?"

"पुस्तकात तुम्ही मारलंसा त्यास्नी," रूपाली म्हणाली. "जित्तेपणी तरी खाऊ दे."

ऋषभनं ताट सरकवलं. "दादा, खरं सांग. हिला बघायला पैला तूच गेलतास जयसिंगपूरला. माझ्यासाठीच न्हाय म्हणालास नव्हं?"

जिनेशनं भाकरीवरच्या लोण्याकडं बघितलं. या त्यागापायी घरात त्याला केवढा मान होता!

"मी कुठं न्हाय म्हटलं? त्यांच्याकडनंच निरोप आला. थोरला नको, धाकटा असला तर बघू. मी आपली लाज झाकली."

"म्हंजे त्याग न्हाईच?"

"कशाचा त्याग, लेका!"

नवरा म्हणून ऋषभचा जीव भांड्यात पडला. लेखक म्हणून तो पार बुडाला.

"तुझ्या बाबांनी धाडला व्हय निरोप?" त्यानं रूपालीला विचारलं.

"बाबांना दादाच पसंत होते. नको मीच म्हटलं." तिची नजर कुठंतरी लांब लागली होती. "पर सिनेमा बघितल्यापास्नं वाटतंय, जरा घाईच केली."

ऋषभनं लोण्याचं भांडं आपल्याकडं ओढलं. जिनेशनं लाजून मान खाली घातली. नकार इतका गोड असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.