तीनशेच्या खालचा आकडा

"सहा आठवडे! फार तर सात!" असं बायकोला ठणकावून सांगून भट्टीमास्तर दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू झाले, त्याला आता दहा महिने होत आले होते.

काम सोपं होतं, निदान मास्तरांच्या मते. लोखंड, मँगनीज आणि जस्ताच्या पुडीपासून फेराइटच्या काळ्या कड्या भाजायच्या. चार्जरसारख्या उपकरणात अशी कडी सेकंदाला लाखो वेळा चुंबक होते आणि उलटते. त्या धावपळीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज कमी करायची, बस्स!

"वाया जाण्याचा आकडा तीनशेच्या खाली आणा आणि खुशाल घरी जा," प्रमुखबाई म्हणाल्या होत्या. "तोवर रजेचं नाव काढायचं नाही!"

पहिले दोन घाणे फसले. घरी बायको नुसत्या पावलांवरून ओळखून दार उघडायची. इथे खोलीचं कुलूप स्वतः काढताना मास्तरांना रोज गलबलून यायचं. शेवटी त्यांनी तिचा फोटो मोजणीयंत्राच्या लोखंडी चौकटीवर लावला. पंख्याच्या वाऱ्यानं तो सारखा पडे, म्हणून कपाटातलं सगळ्यात दांडगं चुंबक त्यावर बसवलं.

तिसरा घाणा. आकडा चारशे दहा!

मास्तर पेटले. पूड बदलली, भट्टीचं तापमान बदललं. "अत्तर लावून आत यायचं नाही!" असं फर्मान काढलं. झाडणाऱ्या मावशींना धुळीवरून इतकं बोलले की त्यांनी तीन दिवस अबोला धरला. आकडा मात्र चढतच चालला. दर अपयशानंतर अधिकच एकटं वाटायचं, म्हणून ते फोटो यंत्रातल्या कडीच्या आणखी जवळ सरकवायचे. चारशे साठ! पाचशे!

दहाव्या घाण्यानंतर यंत्राच्या वार्षिक तपासणीला तंत्रज्ञ आला.

"हे चुंबक कुणी लावलं?"

"मी. का हो?"

"साहेब, कडीच्या शेजारी चुंबक? ती आधीच एका बाजूला ओढली जाते, मग उलटताना जास्त वीज खाते. आकडा चढणारच की!"

चुंबकांच्या संगतीत मास्तरांचे केस पिकले होते, पण त्या फोटोत त्यांना बायकोशिवाय काही दिसलंच नव्हतं. चुंबक हटवून त्यांनी जुन्या सगळ्या कड्या पुन्हा मोजल्या. तिसरा घाणा, दोनशे ऐंशी! म्हणजे सात महिन्यांपूर्वीच घरी जाता आलं असतं.

"निघा! आजच निघा!" प्रमुखबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आणि हे बाहेर कुणाला सांगू नका!"

मास्तरांनी लगेच फोन लावला. "अगं, येतोय मी!"

"खरंच? झालं काम?" ती जवळजवळ ओरडलीच.

"झालं. म्हणजे... सात महिन्यांपूर्वीच झालं होतं."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"मग सात महिने तिथे काय करत होतात?"

मास्तरांनी खूप विचार केला. "तुझी आठवण काढत होतो."

सगळ्या संसारात इतकं खरं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं. तिनं फोन ठेवून दिला.