सापधऱ्यांचा साप

बेसा भागातल्या एका सोसायटीने गणपतीत 'माझ्या आडनावाची गोष्ट' असा कार्यक्रम ठेवला, तेव्हा शालिकराम सापधरे यांनी त्यात भाग घ्यायला नको होता. पण पाटबंधारे खात्यात आयुष्यभर गप्प बसलेल्या माणसाला समोर माईक दिसला की राहवत नाही. त्यातून सोसायटीचे सेक्रेटरी देवराव बारापात्रे आधी बोलून गेले होते. आपल्या पूर्वजांनी दुष्काळात बारा पंगती उठवल्या, म्हणून आपण बारापात्रे, असं त्यांनी सांगितलं. उठवल्या की एकट्याने खाल्ल्या, असं मागून कोणीतरी विचारलं, पण टाळ्या पडल्या.

शालिकरामांना आपल्या आडनावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. लहानपणी वडिलांना विचारलं होतं, तर "मले काय मालूम? गणितं कर," एवढंच उत्तर मिळालं होतं. म्हणून त्यांनी माईकसमोर उभ्याउभ्या एक पणजोबा तयार केले. हे पणजोबा भिवापूरला मिरचीच्या वावरात उघड्या हाताने नाग धरत, त्याच्याशी चार शब्द बोलत आणि त्याला नाल्यापलीकडे सोडून येत.

"आमच्या हातालेच तो गुण हाय," शालिकराम शेवटी म्हणाले. "रक्तात उतरते ते."

टाळ्या बारापात्र्यांपेक्षा जास्त पडल्या. फक्त त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी टाळी वाजवली नाही. घरातली पाल हाकलण्याचं काम लग्नापासून त्यांच्याकडे होतं.

गणपती विसर्जन होऊन काही दिवस झाले असतील. भर दुपारी देवराव धापा टाकत दारात आले.

"सापधरेभाऊ, चला लवकर! इंदुताईच्या सैपाकघरात साप निंगाला. ताई ओट्यावर चढून बसली."

"मंग सर्पमित्राले फोन करा ना."

"केला गा. तो खाप्याले गेला हाय, त्याले याले टाइम लागते. अन् घरचा माणूस असून बाहेरचा काहून बोलवाचा?"

शालिकरामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"अरेरे! मंगळवारी आमच्यात साप धरत नाही."

"पण तुमचे पणजोबा तर रोज धरत म्हणले तुमी!"

"शिवाय मी आत्ताच जेवलो. भरल्या पोटी—"

आतून हात पुसत गोपिकाबाई आल्या. "जा ना जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "रक्तात हाय ना तुमच्या?"

इंदुताईंच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटसमोर निम्मी सोसायटी जमली होती. कोणी चिमटा आणला होता, कोणी दुधाची वाटी. मोबाईल तर सगळ्यांनीच वर धरले होते. शालिकरामांना आत ढकलून देवरावांनी स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावून घेतलं. "साप बाहेर याले नको," असं त्यांनी सगळ्यांना समजावलं.

आत इंदुताई वाघमारे गॅसच्या शेगडीशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. त्या एकट्याच राहायच्या. सिलिंडरच्या मागून एक शेपटी बाहेर आली होती. ती हलताच शालिकराम ओट्यावर होते. कसे चढले, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

"ताई," ते कुजबुजले, "मले साप धरता येत नाही. पाल बी धरता येत नाही."

"मालूम हाय. डोळे मिटून आत आले ना तुमी." इंदुताईंनी पदर सावरला. "आमचे हे वाघमारे होते. मांजर आडवी गेली तरी घरी वापस येत. आडनावावर काय जाता, भाऊ? मघापासून बाहेर सारे नुसते बोंबलून राहिले, आत कोणी नाही आलं. तुमी आले, लई झालं. चहा मांडू?"

हाताशी शेगडी होती, मागच्या फळीवर डबे होते. इंदुताईंनी बसल्या जागेवरून आधण ठेवलं.

"सापधरेभाऊ!" बाहेरून देवराव ओरडले. "काय चालू हाय?"

इंदुताईंनीच उत्तर दिलं, "ते बोलून राहिले त्याच्यासंग! गलका नका करू!"

बाहेर एकदम शांतता पसरली. त्या शांततेत दोघांनी चहा प्यायला. मग सिलिंडरमागून पिवळसर, लांबलचक साप सावकाश बाहेर आला, ओट्याखालून सरकत मोरीच्या तुटक्या जाळीतून मागच्या मोकळ्या प्लॉटवर निघून गेला. तोवर शालिकरामांनी इंदुताईंचा पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता.

दार उघडलं. "धरला का?"

शालिकरामांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण इंदुताई आधी बोलल्या. "धरला अन् मांगं सोडून बी देला. असा धरला, जसं पडवळ!"

रविवारी शालिकरामांचा सत्कार ठेवला. शाल अंगावर पडली आणि तिच्या वजनाने ते घामाघूम झाले. अखेर त्यांनी माईक हातात घेतला.

"मी साप धरला नाही," ते म्हणाले. "ओट्यावर बसून चहा पेलो. साप आपला आपण गेला. पणजोबाची गोष्टबी मीच बनवली. मले सापाचं लई भेव वाटते."

मग देवराव डोळे पुसत उठले.

"पाहा, याले म्हणते नम्रता! समोर साप, अन् हा माणूस चहा पिऊन राहिला!"

टाळ्या थांबेनात. फाटकावर 'साप निघाल्यास संपर्क: शालिकराम सापधरे' असं रंगवून घ्यायचं तिथल्या तिथे ठरलं. इंदुताई सोडल्या, तर शालिकरामांच्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती सभेत होती. घरी जाताना ती म्हणाली, "आज बरं बोलले जी तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर फाटकाशी शिडी लावून उभा होता. शालिकराम दूध घेऊन परतत होते. पेंटरने वरूनच विचारलं, "काकाजी, मोबाईल नंबर सांगा ना."

शालिकरामांनी इकडेतिकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि एकेक आकडा नीट उच्चारत देवराव बारापात्र्यांचा नंबर सांगितला.