कोऱ्या चादरीचं दुखणं

टीव्हीवरच्या डॉक्टरला रोग कळायच्या आधी तो बजाबाईला कळतो, ही गोष्ट आता गल्लीत कुणी नाकारत नव्हतं. संध्याकाळी हरिपाठ उरकला की इस्पितळाची ती मालिका लागायची, आणि टाळ खाली ठेवता ठेवता बजाबाई निकाल देऊन मोकळी, "ह्याची किडनी गेली बघा." नवरा, बाळासो, मुकाट मान डोलवायचा. त्याच्या साध्या ढेकरेलाही तिनं एकदा मोठं इंग्रजी नाव दिलं होतं.

सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला मंगळवेढ्याचे कोंडीबाबुवा आले आणि उतरले बजाबाईकडंच. तिचा आनंद घरात मावेना! मानाची म्हणून तिनं नवी पेठेतून गर्द निळी चादर आणली. आधी मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग जातो, असं दुकानदारानं परत परत बजावलं होतं. पण मानाचं वस्त्र कोरंच द्यायचं असतं. धुतलेली चादर काय बुवांच्या अंगावर घालायची?

त्याच संध्याकाळी मालिकेतल्या पेशंटची बोटं निळी पडली, मग ओठ निळे पडले, डॉक्टर म्हणाली, "हृदय..." आणि भाग संपला.

सकाळी बजाबाई चहा घेऊन गेली, तर बुवा घामाघूम आणि निळे! बोटं, ओठ, कानाच्या पाळ्या, सगळं निळं. तिनं चहा तिथंच जमिनीवर ठेवला. तिकडं मंडपात पखवाज लावणं चाललेलं, आणि इकडं कीर्तनकारच वैकुंठाला निघालेले.

"म्हाराज, छातीत दुखतंय का?"

आंघोळ-पूजा होईपर्यंत बुवा मौन पाळत. हे त्यांनी बाळासोला सांगितलं होतं, आणि बाळासो मंडपात सतरंज्या अंथरत होता. देवाची कृपा आहे, अशा अर्थानं बुवांनी छातीवर हात ठेवला. मग आंघोळीचं पाणी काढा म्हणून डोक्यावरून तांब्या ओतल्याची खूण केली.

बजाबाईनं ओळखलं. छातीत कळ आणि डोक्यात चक्कर!

शेजारच्या गौसनं रिक्षा अशी पळवली की खड्ड्यांनीच बाजूला व्हावं. "आक्का, रडू नका की. काल अंगणात अभंग म्हणत होते, मी ऐकलो. असल्या आवाजाच्या माणसाचं काळीज लई दणकट असतंय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारत होत्या बुवांना आणि उत्तरं देत होती बजाबाई. वाचा गेलीय म्हटल्यावर डॉक्टरीणबाईही हबकल्या. बुवांना आडवं केलं, छातीला वायरी लावल्या. सुईसाठी नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर बोळा निळा, आणि खाली बुवांचा मूळचा गव्हाळ दंड!

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं ओठ पुसले. तेही उजळले.

"मावशी, रात्री यांनी अंगावर काय घेतलं होतं?"

बजाबाईला मिठाचं पाणी आठवलं. ती आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. यंत्रानंही बुवांचं काळीज ठणठणीत असल्याचं सांगितलं. तेव्हा कुठं बुवांनी मौन सोडलं.

"माउली, आता तरी आंघोळ करू का?"

काला थोडा उशिरानं झाला, पण असा रंगला की गौससुद्धा रिक्षा लावून आत येऊन बसला. बुवा म्हणाले, देवाचा सावळा रंग रात्रीत माझ्या अंगी लागला होता, तो या बजाबाईनं दवाखान्यात नेऊन पुसून घेतला! मंडप हसला. बजाबाईनं पदरात तोंड लपवलं.

संध्याकाळी मालिका लागली. निळ्या पेशंटभोवती सगळे डॉक्टर जमलेले, ऑपरेशनची तयारी झालेली. बाळासोनं विचारलं, "काय म्हनतीस मग?"

बजाबाईनं टीव्हीकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"आदी ओल्या कापसानं पुसून तर बगा म्हनावं की."