गजभिये काकांची पेटी

गजभिये काका ज्याच्यावर मनापासून चिडत, त्याला 'आपण' म्हणत. एरवी दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना अबे-तुबे. पण त्यांचा आवाज खाली आला, हात पाठीमागे गेले आणि "आपण कोठून आलात साहेब?" असं ऐकू आलं, की समोरच्यानं आपल्या चपला शोधायला लागावं. समोर माणूसच हवा असंही नाही. लोडशेडिंगनं पंखा थांबला की काका पलंगावर उठून बसत आणि वर बघून म्हणत, "आपण थकलात? बसा. आमी मरतो उकडून."

नालवाडीत त्यांची आणि माझी भिंत एक. त्यामुळे त्यांचा संताप मला घरबसल्या मिळायचा. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले. "रेघ वाकडी, तं कालवा वाकडा" हे त्यांचं म्हणणं चहा गाळण्यापासून लग्न जुळवण्यापर्यंत कुठेही लागू व्हायचं.

त्यांच्या घरचा कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात रखडायला लागला. सुशीला काकू म्हणाल्या, "राहू द्या, चालून राह्यला नं." काकांनी ऐकलं नाही. स्कूटरवर बांधून तो दुकानात नेला. दोन दिवसांनी दुकानदारानं हसत परत केला. "काका, व्हायरस होता. पूर्ण साफ करून देला."

खरंच साफ होता. त्यात काकूंच्या मावशीची हळदीची गाणी होती, तीही पुसली गेली. काकूंची आई लहानपणीच गेली. वडनेरच्या या मावशीनं त्यांना वाढवलं. गाणी आधी कॅसेटवर होती. कॅसेटला बुरशी धरली, म्हणून काका-काकूंच्या मुलीनं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि कॅसेट फेकून दिल्या. मग मावशीही गेली.

काका दुकानात गेले तेव्हा मी सोबत होतो. हात पाठीमागे गेलेले पाहूनच मी एक पाऊल मागे सरकलो.

"आपण गाणी कोठे ठेवलीत साहेब?"

"काका, बॅकअप नोता काय तुमच्याजवळ?"

"बॅकअप! हे आपण पुसाच्या आंधी विचारत असता, का पुसल्यावर?"

दुकानदार वायर गुंडाळत राहिला. आम्ही घरी आलो. काकूंनी ऐकलं, दोरीवरचं लुगडं काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या." या दोन शब्दांवर काका जेवढे भडकले, तेवढे दुकानदारावरही भडकले नव्हते. "काऊन जाऊ द्या? भांड तं खरं माह्यासंग!" काकू भांडल्या नाहीत.

मग काकांनी पेटी बांधायला घेतली. माझ्या घरी इंटरनेट होतं. तिथे बसून त्यांनी शोधून काढलं, की घरातले सगळे फोटो, गाणी, कागद एका लहानशा यंत्रात ठेवता येतात. आत दोन हार्ड डिस्क, जे एकीवर जाईल तेच दुसरीवर. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. मी सीडी करून दिली. सॉफ्टवेअरच्या माहितीत ते नवशिक्यांसाठी सोपं असल्याचं लिहिलं होतं. "सोपं कोणाले?" काका गरजले. "लिवणाऱ्याले?"

सुटे भाग नागपूरहून आले. तिथल्या दुकानदारानं विचारलं, "गेम खेळाले घेऊन राह्यले काय काका?" काका म्हणाले, "नाई. राखणीले."

दिवाणावर वर्तमानपत्र पसरून जुळणी चालायची. काकू चहा हाताच्या अंतरावर ठेवून मागे सरकत. डब्याएवढी ती पेटी. तिच्यात काकांचा हात मावेना. स्क्रू खाली पडला की "आपण कोठे निघालात?" पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायचा, तुमची खात्री आहे का? "खात्री नसती तं बटन दाबलं असतं काय, भैताडा?" तेवढ्यात लाइट जायची आणि सगळं पहिल्यापासून. एका दुपारी त्यांनी पेटीला उचलून आपटायचं ठरवलं. उचललीही. मग हळूच खाली ठेवली आणि पाय आपटत अंगणात गेले.

शेवटी ती चालली. काकांनी मला हाक मारली, काकूंना समोर बसवलं आणि पेटी सुरू असतानाच एका डिस्कची वायर ओढून काढली. मुलीकडून आणलेला जावयाच्या वरातीचा फोटो तरीही उघडला.

"पाह्य! एक मेली, तं दुसरी हाय!"

काकूंनी फोटो पाहिला. साध्या आवाजात म्हणाल्या, "पण मावशी तं नाई नं याच्यात."

काकांनी ओढलेली वायर परत जोडली.

पुढच्या रविवारी ते माइक घेऊन आले. "तू म्हण," काकूंना म्हणाले. "तुह्या तोंडून येऊ दे."

"मले कोठं येते? मावशीले ये."

"म्हण म्हणतो नं!"

आवाज नको म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद. मे महिना. रेकॉर्डिंगच्या बटनापाशी मी. पलीकडच्या बाजूच्या घरात मिक्सर लागला तशी काकांनी भिंतीवर थाप मारली. काकू चाचरत सुरू झाल्या. हळूहळू आवाज मोकळा झाला.

"अंगण झालं पिवळं, माय उभी दारी..."

पुढे येईना. त्यांनी दोनदा तीच ओळ म्हटली. "गेलं," म्हणाल्या. मी बटनाकडे हात नेला. काकांनी तो धरला. जमिनीकडे बघत, फाटक्या आवाजात म्हणू लागले,

"हळदीच्या हातानं डोये पुसे बारी-बारी..."

काकूंनी मान वळवली. "तुमाले कसं येते?"

"मावशी गाये तवा मी मांडवात बसून राहो. मंडळी जेवाले जाये, मी नाई जावो."

"कवा सांगतलं नाई."

"तू कवा विचारलं?" काका खेकसले.

काकूंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. मग दोघांनी मिळून पुढचं कडवं म्हटलं. काकांचा सूर कुठेच लागत नव्हता. मी ते तसंच राहू दिलं.