पेंग्विन-दर्शनाची टक्केवारी

ज्या वस्तूची हमी असते ती पाहायला माणूस आळस करतो आणि जिची कसलीच हमी नसते तिचे पैसे आगाऊ भरतो, हा व्यापाराचा मूलभूत नियम आहे. दुबईत तो २००८ पर्यंत अत्यंत निष्ठेने पाळला गेला.

२०१३च्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी सात चाळीसला शारजाच्या अल मजाजमधून एक बस निघाली. तिच्यात प्रवासी एक्केचाळीस होते : मोठी माणसं सव्वीस, मुलं पंधरा. डबे एकोणीस. छत्र्या सहा (पैकी चारांवर पुण्यातल्या दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून होती). पेंग्विनची माहिती असलेली व्यक्ती एक.

ही मोजदाद त्या एका व्यक्तीनेच केली. तिचं नाव वैभवी. पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी., प्रबंध समुद्रपक्ष्यांवर, आणि कंपनीत पद 'निसर्गतज्ज्ञ'. पद भारदस्त असलं तरी अजून प्रोबेशनवर होतं. सहा महिने येत्या रविवारी संपत होते. आजच्या फॉर्मवर पंच्याऐंशी टक्के दर्शन लागलं (म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी प्रवाशांनी 'प्राणी पाहिले' अशी सही केली) तर नोकरी पक्की. नाही लागलं तर खलास, व्हिसा रद्द, महिन्याभरात गाशा गुंडाळून पुण्याला.

कंपनीविषयी थोडं सांगायला हवं. मंदीच्या आधी ती फ्लॅट विकत असे. फ्लॅट समुद्रात होते, म्हणजे समुद्र होता आणि फ्लॅट व्हायचे होते. कंपनीचे मॅनेजर देवदत्त ग्राहकांना किनाऱ्यावर नेत, क्षितिजाकडे बोट दाखवत आणि साइट व्हिजिटच्या फॉर्मवर सही घेत. मंदी आल्यावर ग्राहक गेले, पण फॉर्मचे नऊ हजार कागद छापून पडले होते. कागद वाया घालवणं देवदत्तांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पाटीवरचा 'प्रॉपर्टीज' हा शब्द उतरवून तिथे 'टूर्स' बसवला आणि कंपनी प्राण्यांकडे वळली. फॉर्म तेच राहिले. त्यामुळे आजही पेंग्विन पाहून झाल्यावर प्रवाशाला 'कितव्या मजल्यावर हवे' हा रकाना रिकामा सोडावा लागतो.

दुबईच्या कडेला, सिलिकॉन ओएसिस या वसाहतीच्या पुढे, वाळूत, एका जुन्या गोदामात हिमगृह उभारलेलं आहे. आत उणे दोन अंश तापमान, दहा पेंग्विन, शेजारच्या तलावात दोन समुद्रसिंह. तिकीट एकशेवीस दिरहॅम (म्हणजे साडेसतराशे रुपये, असं बसमधल्या प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी मोठ्याने म्हटलं). गोदामाच्या पार्किंगकडच्या बाजूला अखंड काच आहे. प्राण्यांना करमणूक म्हणून ती बसवली, पण पार्किंगमध्ये पाहण्यासारखं काही नसल्यामुळे तिच्यावर पडदा असतो.

बस पार्किंगमध्ये शिरली आणि पाऊस सुरू झाला.

इथे पाऊस वर्षात पाचेक दिवस पडतो. तो पडला की रस्त्यांना काय करावं ते कळत नाही, आणि माणसांना तर त्याहून कळत नाही. एक्केचाळीस जण बसमधून उतरले आणि हिमगृहाच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. सहाही छत्र्या बसमध्येच राहिल्या. पार्किंगच्या मधोमध साचलेल्या पाण्याभोवती पंधरा मुलांनी कडं केलं. त्यांच्यातला सात वर्षांचा अथर्व जन्माने शारजाचा. त्याने ते डबकं नीट निरखलं आणि गंभीरपणे विचारलं, "हू स्पिल्ड इट?"

वैभवीने घड्याळ पाहिलं. आत जाण्याची वेळ नऊ ते दहा. नऊ दहाला तिने पहिल्यांदा विनंती केली, नऊ वीसला दुसऱ्यांदा. नऊ पंचवीसला ती उल्हासकाकांकडे गेली. काका कॉन्ट्रॅक्टर, शारजात बावीस वर्षं, ते हलले की सगळे हलतात असा अनुभव. काका डोळे मिटून, तोंड वर करून उभे होते. चष्मा त्यांनी खिशात ठेवला होता.

"काका, माझी नोकरी आहे हो यावर," वैभवी म्हणाली. "दहा मिनिटं आत चला, मग हवं तेवढं भिजा."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "पोरी, तू सायन्सवाली ना? मग सांग. पेंग्विन उद्या आहेत?"

"आहेत."

"पाऊस उद्या आहे?"

"अंदाज नाही तसा."

"मग तूच सांग, दुर्मीळ प्राणी कुठला?"

विद्युल्लताकाकू शेजारीच फोनवरून सांगलीच्या जावेला पाऊस दाखवत होत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याला सांगितलं, "अहो, पोरीला छळू नका," आणि लगेच फोन डबक्याकडे केला. पलीकडून जाऊ म्हणाली की तुमच्याकडे पाणी तरी आहे, आमचा टँकर मंगळवारी.

वैभवीने मनातल्या मनात भागाकार केला. पेंग्विन तीनशे पासष्ट दिवस, पाऊस पाच. काकांचं उत्तर बरोबर येत होतं. शास्त्र शिकल्याचा हा एक तोटा आहे : समोरच्याचं बरोबर असेल तर तेवढ्यापुरतं तरी गप्प बसावं लागतं.

तेवढ्यात प्राण्यांची देखभाल करणारा राजन बाहेर डोकावला. तो त्रिशूरचा, वैभवीशी हिंदीत बोलायचा. त्याने सांगितलं की मॅडम, पक्षी सकाळपासून तयार बसलेत, कोणी आलं नाही की ते मासे खात नाहीत. वैभवीने हात पसरून पार्किंग दाखवलं. राजनने एक्केचाळीस ओल्या पाठी पाहिल्या, थोडा विचार केला आणि आत जाऊन काचेवरचा पडदा ओढला.

पुढचं निरीक्षण वैभवीने दहा मिनिटं, दर मिनिटाला एक नोंद, या पद्धतीने केलं. पहिल्या मिनिटात काचेशी तीन पेंग्विन आले. चौथ्यात नऊ. सहाव्या मिनिटाला दोन्ही समुद्रसिंह तलावातून वर येऊन काचेला नाक लावून बसले. काका रुमाल पिळायचे तेव्हा नऊ माना एकदम डावीकडे वळत. एक पेंग्विन शेवटपर्यंत झोपलेला होता. याच दहा मिनिटांत काचेकडे वळून पाहणारी माणसं : एक (अथर्व, त्याला शूला जायचं होतं).

परतीच्या बसमध्ये सह्या मागायच्या होत्या. एक्केचाळीस सह्या सहज मिळाल्या असत्या. काका तर न वाचता करायला तयार होते, वर म्हणत होते की कुठे म्हणशील तिथे करतो, बिल्डरकडे केल्यात त्या मानाने हे काहीच नाही. वैभवीने फॉर्म पुढे केला नाही. तिने तो स्वतः भरला : 'एकूण प्राणी बारा. पैकी अकरा जणांनी प्रवाशांना पाहिले. दर्शन ९१.७ टक्के. प्रवाशांनी प्राण्यांना पाहिले, २.४ टक्के.' खाली सही केली आणि रात्री आईला फोन करून सांगितलं की बहुतेक येते मी परत.

रविवारी देवदत्तांनी फॉर्म दोनदा वाचला.

"इथे दोन आकडे आहेत," ते म्हणाले.

"दोन्ही खरे आहेत, सर."

"पंच्याऐंशीच्या वर एकच आहे ना? मग तोच धरायचा." त्यांनी खालच्या आकड्यावर रेघ मारली. "वैभवी, दोन हजार सातमध्ये मी लोकांना नुसतं पाणी दाखवून अठ्ठ्याण्णव टक्के काढलेत. तुझ्याकडे तर खरोखरचे प्राणी होते. कुणी कुणाला पाहिलं, ही तांत्रिक बाब आहे."

वैभवीची नोकरी पक्की झाली. त्याच आठवड्यात हिमगृहाचं पत्र आलं. प्राणी रोज चोवीस किलो मासे खातात, त्या दिवशी एकोणतीस किलो चारशे ग्रॅम खाल्ले. प्राण्यांच्या आरोग्यासाठी हीच माणसं पुन्हा आणावीत. देवदत्तांनी पार्किंगवर पाण्याचे फवारे बसवून घेतले. आता दर शुक्रवारी एक्केचाळीस जण तिथे तासभर भिजतात आणि बारा जण त्यांना पाहतात. तिकीट भिजणाऱ्यांनी काढायचं असतं.

प्रतीक्षा यादीत आज एकशे त्रेचाळीस मराठी कुटुंबं आहेत. नोंदणीच्या वेळी वैभवी प्रत्येकाचा पहिला प्रश्न लिहून ठेवते. आजवरची गणना अशी : फवाऱ्याचं पाणी गार असतं का, एकसष्ट. कपडे बदलायला जागा आहे का, चव्वेचाळीस. डबा आणला तर चालेल का, सदतीस. तुमचं लग्न झालंय का, एक. पेंग्विन कोणत्या जातीचे आहेत (हा वृत्तांत इथपर्यंत वाचणारे धरून), शून्य.