नाना परब बाद होतात

मुलांनो, आमच्या परळच्या चाळीत माझ्या भिंतीपलीकडे राहणारे नाना परब चहासुद्धा मुकाट्याने करत नाहीत. रोज सकाळी ऐकू येतं, "परब चढाईला! दूध वर येतंय... वर येतंय... आणि पकड! अप्रतिम पकड!" पूर्वी वहिनी आतून टाळ्या वाजवायच्या. त्या गेल्यापासून टाळ्याही नानाच वाजवतात. मी भिंतीवर माझी शाळेतली जुनी छडी आपटते. दूध थांबतं, मग कांदेपोह्यांची चढाई सुरू.

नाना आमच्या मैदानावरचे कबड्डीचे समालोचक. प्रत्येक वाक्याला "काय समजलात?" हे शेपूट. यंदा सामने मोबाइलवर थेट दिसत होते, त्यामुळे त्यांना जास्तच चेव आला. मुलींच्या सामन्यात खालच्या मजल्यावरची मीनल, अंगाने भरलेली, कोपरा सांभाळत उभी होती. नाना गरजले, "उजव्या कोपऱ्यात लोखंडी कपाट ठेवलंय! किल्ली हरवलीय, हलत नाही! काय समजलात?"

सगळ्यांनाच समजलं. ती चित्रफीत या फोनवरून त्या फोनवर फिरली, अनोळखी लोकांनीही नानांना झोडपलं, आणि सकाळी चाळीतल्या बायका त्यांच्या दारात उभ्या.

"अहो, कपाट म्हणजे भक्कम! कौतुक केलं मी!"

"मग तुमच्या टकलाचं कौतुक करू का आम्ही, माइकवरून?" मीनलची आई म्हणाली.

मीनल एवढंच म्हणाली, "आता कॉलेजात सगळे मला कपाट म्हणतात, नाना."

नानांनी तोंड उघडलं, पण "चुकलो" काही बाहेर येईना. सामने भरवणाऱ्या मंडळाने माइक काढून घेतला.

मी माफीचा मसुदा लिहून दिला, नीट परिच्छेद पाडून. नानांनी तो परत केला. "बाई, हा तुमचा आवाज झाला."

त्यानंतर पलीकडे दूध मुकाट्याने तापू लागलं. मला हवी तशी शांतता होती, आणि पेपर काही वाचवत नव्हता.

अंतिम सामन्याला नाना आले, ते बाद झालेल्या मुलींच्या बाकाच्या टोकाला बसले. "बाद झालोय, बाई. बाहेरच बसायचं." नवा समालोचक प्रायोजकांची नावं वाचत होता. नानांचे ओठ नुसतेच हलत होते. तेवढ्यात मीनलने समोरच्या संघाच्या मुलीला घोट्याशी धरून आडवं केलं. कबड्डीत अशी पकड झाली की आपली बाद झालेली एक खेळाडू परत आत येते. बाकावरची मुलगी उठून धावली. मीनल धापा टाकत ओरडली, "ओ नाना! पुढची पकड तुमच्यासाठी!"

आणि केली की तिने.

नाना उठून माइकपाशी गेले. नव्या समालोचकाने माइक पुढे केला. "मीनल... नाना परब चुकला, पोरी. तू भारी खेळलीस." पुढचं "काय समजलात?" त्यांना सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "परब चढाईला! दूध वर येतंय..." मी छडी बाजूला ठेवली आणि घाईघाईत पकडीच्या आधीच टाळ्या वाजवल्या.

पलीकडे एकदम शांतता. मग चर्र करून दूध उतू गेलं.