किल्ल्याचं शेवटचं दार

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला तेव्हा माधवचा व्हिडिओ गेम एकवीस तास पॉजवर होता. टीव्हीपुढे सजावटीचा पडदा आला होता, पडद्यापुढे दोन्ही महालक्ष्म्या उभ्या होत्या, आणि पडद्यामागे काय चालू आहे हे त्याच्याखेरीज फक्त त्याच्या बायकोला, मेधाला ठाऊक होतं.

"बंद कर ते," मेधा म्हणाली. "त्या प्लगात मला दिव्यांची झालर लावायची आहे."

"बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. ह्याच्यात सेव्ह नाही होत."

"तीस साल होऊन गेले, माधव."

"म्हणूनच म्हणून राहिलो, आजचा दिवस थांब."

धारच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नव्हतं, आणि त्यालाही ते कळत होतं. पण गोष्टच तशी होती. कॅसेटवर चिनी अक्षरं होती, नाव कुणालाच वाचता आलं नाही, म्हणून माधव आणि त्याच्या दुर्गाताईनं त्या गेमला किल्ला म्हणायला सुरुवात केली. दोन बुटके हातात कंदील घेऊन किल्ल्यात शिरायचे आणि वटवाघळं चुकवत चाळीस दालनं ओलांडायचे. शेवटचं दार मात्र दोघं एकाच वेळी दोन टोकांच्या दगडांवर उभे राहिले तरच उघडायचं. भावंडं तिथवर दोनदा पोचली. एकदा लाईट गेली. दुसऱ्यांदा ताईला बघायला देवासचे पाहुणे आले, आणि ते तिला घेऊनच गेले.

दारामागे काय आहे ते त्यामुळे राहूनच गेलं. माधवची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी ते दार त्याला मधूनमधून आठवायचं, आणि दाराबरोबर शेजारी मांडी घालून बसलेली ताई आठवायची. या वेळी त्यानं आठ दिवस दोन्ही बुटक्यांना आळीपाळीनं चालवत एकट्यानं चाळिसावं दालन गाठलं होतं. पुढे दुसरा माणूस हवाच होता. ताई आज आलीही होती, पण ती आता देवासच्या शाळेत व्हाइस प्रिंसिपल होती. दिवाळीत त्यानं विषय काढला तेव्हा "आपण मोठे झालो आता, माधव," एवढंच म्हणाली होती. आजही पाचच्या बसनं ती परत जाणार होती.

त्या घराची एक पद्धत होती. महालक्ष्म्यांपुढे ताटं मांडली की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लोटायचं, म्हणजे देवी निवांत जेवतात. ते दार पुन्हा उघडायचा मान फक्त सवाष्णीचा. बाकी कुणी कडीला बोटसुद्धा लावायचं नाही. संस्थानच्या काळापासून हे असंच चाललंय, असं घरातले सगळ्यात मोठे, मोरोपंतकाका सांगायचे. यंदाची सवाष्ण होती दुर्गाताई.

सोवळं नेसलेल्या माधवनं दोन्ही ताटं मांडली, सगळे बाहेर पडले, आणि तो पडद्यामागेच राहिला. त्याच्या हिशेबानं पंधरा मिनिटं होती. एक रिमोट त्यानं हातात घेतला आणि दुसरा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली. हाताचा बुटका शहाण्यासारखा दगडावर जाऊन उभा राहिला. अंगठ्याचा बुटका मात्र भलतीकडेच चालू लागला आणि दोनदा वटवाघळांच्या तोंडी गेला. आता एकच जीव उरला होता.

"डावीकडे, डावीकडे. पाय काढ आधी," मागून आवाज आला.

दुर्गाताई उभी होती. नऊवारी, नथ, हातात विडे. विडे ठेवायचे राहिले म्हणून ती स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारानं आत आली होती.

"ताई, मी फक्त..."

"सरक," ती म्हणाली. विडे ताटाशी ठेवले आणि मांडी घातली.

बाहेर बावीस माणसं पाटावर बसून होती. मोरोपंतकाका घड्याळाकडे बघत म्हणाले, "सवाष्ण कुठे आहे?"

"आत्या छत पे भी नहीं है," माधवची गुड्डी गच्चीवरून येऊन म्हणाली. "भूख लागली ना, आजोबा. तुम्हीच उघडा ना दार."

"मी कसा उघडू? सवाष्णीचा मान आहे तो."

मेधाला आता माधवही दिसेना. तिनं मनात दोन आणि दोन चार केले आणि गप्प बसली. पुरण गार होत चाललं होतं. कुणीतरी दार वाजवायचं सुचवलं, तर काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं तोंडच मिटलं. तेवढ्यात आतून टिंगटिंग असं लांबलचक संगीत वाजलं.

आत दोन्ही बुटके दोन दगडांवर होते आणि दार उघडत होतं. माधवच्या डोळ्यांत पाणी आलं. दारामागे अंधार होता. अंधारात दोन कंदील पेटले. मग टीव्हीचा पडदा पांढरा झाला आणि किल्ल्याचं पहिलं दालन समोर आलं, पहिलं वटवाघूळ तिथंच लटकलेलं.

"एवढंच?" माधव म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. तीस वर्षं त्यानं त्या दारामागे काय काय मांडून ठेवलं होतं.

ताईनं पदर सावरला, जाऊन खोलीचं दार उघडलं, आणि बावीस माणसांना सवाष्णीमागे रिमोट हातात धरलेला माधव दिसला.

काकांचा चेहरा लाल झाला. पण त्या दिवशी सवाष्णीला कुणी रागावायचं नसतं, तिच्या रूपानं देवीच जेवते. तेव्हा ताईच्या वाटणीचंही माधवनंच ऐकलं. सोवळ्यात प्लास्टिक धरलं म्हणून त्यानं पुन्हा आंघोळ करायची, सगळ्या पंक्ती होईपर्यंत उपाशी राहायचं आणि दिवसभर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

ताई पोटभर जेवली. मग रीतीप्रमाणे काकांनी पुढे येऊन हात जोडले. "तृप्त झालात ना? आणखी काही इच्छा?"

दरवर्षी सवाष्ण यावर मान हलवून "भरपूर झालं" म्हणते. दुर्गाताईनं हात धुतले, नथ सारखी केली आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं.

"माधवला जेवू घाला आणि आत पाठवा," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय शेवटचं दार उघडत नाही."

सवाष्णीला नाही म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. पाचची बस गेली तेव्हा दोघं सातव्या दालनात होते.